मला दोन ओळी, आईला बावीस

२ नोव्हेंबर

नववा नकार. "यंदा आमच्याकडे अनेक उत्कृष्ट अर्ज आले..." आले असतील! त्यात माझा एक घेतला असता तर काय बिघडलं असतं?

झिपरीला मिळाली. पूर्ण शिष्यवृत्ती — फी माफ, चार वर्षं दरमहा खर्चाला पैसे, वर विमानाचं तिकीट. एम.एस्सी.ला माझ्या मागच्या बाकावर बसून माझ्याच जर्नलमधल्या आकृत्या उतरवायची ही बाई! मी तिच्या फोटोखाली लिहिलं, "खूप खूप अभिनंदन गं!!" दोन उद्गारचिन्हं दिली. एक पुरलं असतं.

आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "कितवा गं हा?" जशी काही कितवी बस गेली. म्हटलं, नववा. "बरं," म्हणाली, वही घेतली, चपला घातल्या आणि फेरीला गेली. रोज संध्याकाळी जाते. जग बुडालं तरी जाईल.

७ नोव्हेंबर

विभागातल्या सरांनी माझा संशोधन आराखडा परत दिला. "कल्पना झकास आहे. हवामान तापतंय, झाडं लवकर फुलतायत. पण आकडे कुठायत?"

आकडे! मी तासांवर शिकवणारी बाई, तेही मेमध्ये करार संपेपर्यंत. वीस वर्षांचे आकडे काय पर्समधून काढू?

"तुमच्या आईंना विचारा," सर म्हणाले. चेष्टा करत होते की काय कळलं नाही. आई आमच्याच वनस्पतिशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक आहे. काचसामान धुणं, स्लाइड लावणं, रोपं वाळवून कागदावर चिकटवणं. मुलं मला मॅडम म्हणतात, तिला काकू. आणि शंका विचारायला जातात काकूंकडे! मी वर्गात तासभर घसा कोरडा करायचा, आणि नंतर प्रयोगशाळेच्या दारात घोळका.

९ नोव्हेंबर

विचारलं. आईने पलंगाखालून पत्र्याची ट्रंक ओढली. सव्वीस वह्या! शाळकरी, शंभर पानी, प्रत्येकीवर एक साल.

घरापासून कॉलेजपर्यंतच्या रस्त्यावर निलमोहराची अकरा झाडं आहेत. आईने त्यांना नंबर दिलेत. रोज एक ओळ. "६ – दोन कळ्या. ७ – काही नाही. ९ – सुरू." पुढच्या दिवशी पुन्हा. सव्वीस वर्षं! मी तीन वर्षांची होते तेव्हापासून. मला वाटायचं ती हिशेब लिहिते, नाहीतर वाणसामानाची यादी. कधी डोकावून पाहिलंच नाही.

"घेऊ का मी?"

"घे की. नाहीतरी ट्रंकेतच पडल्यात." मग दारातून परत आली. "खोडू नकोस हं काही."

२१ नोव्हेंबर

सगळं कॉम्प्युटरवर चढवलं. मान मोडली. एका वर्षी ऐन बहरात एकोणीस दिवस कोरे आहेत. बाकी सव्वीस वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. एकोणीस कोरे दिवस बघून मला — लिहितेच — बरं वाटलं. निदान एकदा तरी आळस केला बाईने!

आलेख काढला. पहिलं फूल सव्वीस वर्षांत सतरा दिवसांनी अलीकडे आलंय. सरळ उतरती रेघ. माझ्या अंगावर काटा आला.

आईला दाखवला. चष्मा वर करून बराच वेळ बघत बसली. "मला वाटतच होतं," म्हणाली.

वाटतच होतं! मग बोलायचं नाही का कधी? मी इथे दोन वर्षं विषय शोधत वणवण फिरतेय.

२८ नोव्हेंबर

परदेशातल्या एका विद्यापीठात एक प्राध्यापिका नेमकं हेच काम करते. तिच्याकडे पीएच.डी.ची एकच जागा आहे, पूर्ण शिष्यवृत्तीची. रीतसर फॉर्मची मुदत १५ जानेवारी, पण त्याआधी मेल करून "घ्याल का मला" असं विचारायचं असतं. आराखडा पाठवला, सोबत आईचे आकडे.

एका ठिकाणी अडले. "माहितीचा स्रोत आणि संपर्क". आईचं नाव लिहिलं. खोडलं. बालवाडीतल्या मुलाला आईने चित्र काढून द्यावं, तसं दिसत होतं ते. शेवटी लिहिलं — "एक स्थानिक हौशी निरीक्षक". खाली आईचा ईमेल. तो मीच उघडून दिलाय, पासवर्डही माझ्याकडेच. आई माऊस धरते तो तापलेला तवा धरल्यासारखा.

हौशी हा शब्द काही वाईट नाही.

१२ डिसेंबर

उत्तर आलं!!

मला दोन ओळी. "आराखडा आवडला. फॉर्म जरूर भरा."

मी नाचले. बाबांना पेपरातून ओढून काढून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे मिळाली?" म्हटलं, नाही, भरायला सांगितलंय. "मग नाचतेयस का?" असे आमचे बाबा.

मग सहज म्हणून आईची मेलपेटी उघडली. त्याच बाईचं पत्र. मोजल्या — बावीस ओळी. "आदरणीय निरीक्षक" अशी सुरुवात. पहिलं फूल नक्की कसं ठरवता? सहा नंबरचं झाड एक वर्षाआड उशीर का करतं? नऊ नंबरच्या शेजारी काही बांधकाम झालं होतं का? आणि शेवटी, "अशी शिस्त मी तीस वर्षांच्या नोकरीत पाहिली नाही."

तीस वर्षांत!

मला "जरूर भरा". आणि हिला "पाहिली नाही".

मेल पुन्हा न वाचलेला करून ठेवला.

१३ डिसेंबर

आज सांगणार होते. पाहुणे आले.

१५ डिसेंबर

आज पाहुणे नव्हते.

१८ डिसेंबर

सांगितलं शेवटी. म्हटलं, "त्या बाईंचे दोन-चार प्रश्न आलेत तुला." आई हात पुसत आली आणि खुर्चीवर अगदी टोकाला बसली, डॉक्टरांच्या खोलीत बसावं तशी. मी प्रश्न वाचून दाखवले. स्तुती गाळली.

"पहिलं फूल म्हणजे झाडावरचं," आई म्हणाली. "जमिनीवरचं धरायचं नाही. वारा कुठूनही आणून टाकतो. झाडावर दिसलं तरी दुसऱ्या दिवशी परत बघायचं, मगच लिहायचं. आणि सहा नंबरला दर एक वर्षाआड छाटतात, तारांमुळे. नऊच्या कडेला गटार खणलं होतं, तेव्हा ते दोन वर्षं रुसलं होतं." अर्धा तास बोलली. मला तिच्या अर्ध्या गोष्टी माहीत नव्हत्या. मी त्याच रस्त्याने जाते!

मी सात ओळी टाइप केल्या.

"एवढंच? मी एवढी बोलले की."

"त्यांना थोडक्यात लागतं, आई."

"हो का? बरं. तुला कळतं त्यातलं."

त्यातलं एवढंच मला कळतं की माझा जळफळाट होतोय. झिपरीवर होत होता तोपर्यंत ठीक होतं. आईवर?

२७ डिसेंबर

पुन्हा आईला मेल. माझ्या सात ओळींनीसुद्धा ती बाई खूश!

"तुमचं एम.एस्सी. झालं आहे का? असल्यास या शिष्यवृत्तीला वयाची अट नाही. तुम्ही अर्ज करावा अशी माझी मनापासून इच्छा आहे."

चार वेळा वाचलं. झालंय. वर्गात पहिली आली होती. मग लग्न, मग मी, मग प्रयोगशाळा.

पण जागा एक आहे! एकच! ती मी शोधली. आराखडा माझा, मेल माझा, नऊ नकार माझे. आणि ही बाई माझ्याच दारात येऊन माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाला हाक मारतेय.

मेल "इतर" नावाच्या कप्प्यात ढकलला. तिथे आई जाणार नाही. आई कुठल्याच कप्प्यात जाणार नाही.

२ जानेवारी

ओल्या टॉवेलवरून आईशी कडाक्याचं भांडण. टॉवेल माझाच होता. बाबा म्हणाले, "हिला काय चावलंय?" आई म्हणाली, "असू दे, अर्जांचं टेन्शन आहे तिला." समजून घेते वर! त्याने तर अजून पेटते मी.

फेब्रुवारीअखेर ती निवृत्त होणार. "मग मी मोकळी," म्हणत होती. "गॅलरीत कुंड्या लावीन, दुपारी झोपीन." बघ! तिला नकोच आहे ते. या वयात परक्या देशात, एकटीने, परीक्षा, प्रबंध... मी तिचा त्रासच वाचवतेय.

असं मी आज दिवसभर स्वतःला सांगितलं.

६ जानेवारी

भांडी लावता लावता सहज विचारलं, "आई, तू का नाही गं केलीस पीएच.डी.?"

मला वाटलं आजीचं नाव घेईल, नाहीतर बाबांचं, नाहीतर माझं.

"कोणी विचारलंच नाही," म्हणाली. "आणि मलाही सुचलं नाही, विचारायचं असतं ते."

ताटं जागेवर लावली आणि फेरीला गेली.

१० जानेवारी

त्या प्राध्यापिकेशी व्हिडिओवर बोलणं झालं. छान झालं, पंधरा मिनिटं. शेवटी दोन गोष्टी विचारल्या.

एक — "ते निरीक्षक माझ्या दुसऱ्या पत्राला उत्तर देत नाहीत. त्यांची तब्येत बरी आहे ना?"

मी म्हटलं, "हो, हो, बरी आहे." कान गरम झाले.

दोन — "सव्वीस वर्षांत एकच खंड आहे, एकोणीस दिवसांचा. कशामुळे?"

म्हटलं, विचारून सांगते. मनात म्हटलं, घ्या, आता कळेल शिस्त!

११ जानेवारी

विचारलं. मुद्दाम बाबांसमोर विचारलं.

आई म्हणाली, "तू दवाखान्यात होतीस ना तेव्हा. सात वर्षांची होतीस. ताप उतरेना."

मग तिने ती वही मागितली आणि उलटी करून मागच्या बाजूने उघडली. मी सव्वीसच्या सव्वीस वह्या पुढूनच वाचल्या होत्या. मागच्या पानांकडे बघायचं मला सुचलंच नव्हतं.

"सकाळी ८ – १०३. १० – १०२.८. १२ – तेवढाच. २ – पाणी प्यायली. ४ – डोळे उघडले. ६ – काही नाही."

एकोणीस दिवस. तोच पेन, तेच अक्षर. विसाव्या दिवशी लिहिलंय, "घरी आणलं." आणि वही सरळ केली की पुढे, "१ – संपत आलं."

बाबा म्हणाले, "दवाखान्यातली नर्स हिच्याकडे बघून तक्ता भरायची." आणि पेपर तोंडासमोर धरला. बराच वेळ पान उलटलं नाही.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. आणि खरं सांगू? रडतानाही मनात होतं की ही माझ्या तापाच्या नोंदीतसुद्धा माझ्यापेक्षा चांगली शास्त्रज्ञ आहे.

१३ जानेवारी

"इतर"मधून मेल काढला आणि आईला वाचायला दिला.

लोक आधी मजकूर वाचतात. आईने आधी तारीख वाचली.

"सत्तावीस डिसेंबर," म्हणाली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "आज तेरा."

मी मान खाली घालून उभी. तिने खालचा मजकूर वाचला, सावकाश, ओळीखाली बोट धरून. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"पासवर्ड काय आहे माझा?"

सांगितला.

"बदलायचा कसा, ते दाखव."

दाखवलं. मग म्हणाली, "आता तिकडे बघ." मी खिडकीकडे तोंड केलं. एकेक अक्षर शोधत ती नवा पासवर्ड टाइप करत होती. टक्. टक्. टक्. आयुष्यात एवढी लाज वाटली नव्हती.

१५ जानेवारी

दोघींनी एकाच टेबलावर फॉर्म भरले. आईने काही विचारलं तर तेवढं सांगितलं. फोटो स्कॅन करताना माझ्या आराखड्याची प्रत तिच्या हाती लागली.

"हौशी?" चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली. "सव्वीस वर्षं गं! हौस तिसऱ्या वर्षीच फिटली होती."

आणि हसली. तेरा तारखेनंतर पहिल्यांदा. मी तिथल्या तिथे प्राध्यापिकेला मेल केला — निरीक्षक म्हणजे माझी आई. नाव, पद, एम.एस्सी.चं साल, सगळं.

३० जानेवारी

मुलाखती. माझी वीस मिनिटं. आईची सत्तर. दार लावून बसली होती. मी दाराबाहेर मोजे घडी करत होते. आतून हसण्याचा आवाज आला. दोघींचा! माझ्या मुलाखतीत कोणी हसलं नाही.

२० फेब्रुवारी

निकाल.

आईला मिळाली.

मी प्रतीक्षा यादीत पहिली.

२१ फेब्रुवारी

म्हणजे आईने नको म्हटलं तर मला! तिला १ मार्चपर्यंत कळवायचंय.

सर म्हणाले, "मग झालंच की तुमचं! आई काय, सोडतीलच तुमच्यासाठी." मावशीचा फोन — "अगं, आईच ती, तुझ्या वाटेत येईल का?" बाबांनी नवी सुटकेस आणली आणि कोणाची ते सांगितलं नाही.

मीही धरूनच चाललेय. लाज नाही मला. आई सकाळी उठली की वाटतं, आत्ता बोलेल. चहा ओतते, वाटतं, आत्ता. ती म्हणते, "साखर संपलीय."

२५ फेब्रुवारी

काही नाही.

२६ फेब्रुवारी

काही नाही. मी आता आईच्या वहीसारखं लिहायला लागलेय.

२८ फेब्रुवारी

आईचा निरोप समारंभ. मुलं रडली. विभागप्रमुख म्हणाले, "आता घरी आराम करा, नातवंडं खेळवा." आई हसून म्हणाली, "बघते."

१ मार्च

सकाळी माझ्या खोलीत आली. पलंगाच्या टोकाला बसली.

"मी हो कळवलंय."

मी पांघरूण सारून उठून बसले.

"सगळे म्हणतात, मी तुला देऊन टाकेन. मीही तसंच धरून चालले होते. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. पण तोंडातून निघेना. मग कळलं मला, मला हवंय ते." तिने चादरीची सुरकुती हाताने सपाट केली. "रागाव तू. तुला हक्क आहे. पण मी नको म्हणणार नाही."

"तुला माहितीये मी किती..."

"नऊ. प्रत्येक वेळी विचारलंय मी."

मी म्हटलं, "जा बाहेर." आईला! ती उठली, दार हळूच लावून घेतलं आणि गेली.

४ मार्च

मी आईशी बोलत नाही. सुटकेस तिची आहे. ते बाबांना आधीच माहीत होतं, एकट्या मलाच नव्हतं.

११ मार्च

आज न राहवून ओरडले, "सगळ्या आया देतात!"

"हो," आई म्हणाली, कपड्यांच्या घड्या करत. "माझ्या आईनेही दिलं होतं. तिला काय हवं होतं, ते मला आजपर्यंत माहीत नाही. मीही कधी विचारलं नाही."

मी तिच्या स्वेटरची घडी विस्कटून पुन्हा नीट घातली. तिला घडी घालता येत नाही, मूळचंच.

१९ मार्च

निघाली. दारात माझ्या गालाला हात लावला. "त्या बाईंना पुढच्या वर्षी आणखी एक जागा मिळणारे म्हणे. भर तू." मी म्हटलं, "तुझ्या हाताखाली?" ती म्हणाली, "नको असेल तर नको भरूस," आणि मग आम्ही दोघीही हसलो, थोडं.

टेबलावर सत्ताविसावी वही आणि पेन्सिल ठेवून गेलीय. एक अक्षर बोलली नाही त्याबद्दल. कालपर्यंतच्या नोंदी तिच्या. आजचं पान कोरं.

मी नाही लिहिणार. तिची झाडं, तिचं काम. जिला मिळालंय तिने बघावं.

२० मार्च

भाजी आणायला गेले होते. वाटेत सहा लागतं, इलाज नाही. दोन कळ्या दिसल्या. मी लिहिलेलं नाही.

२२ मार्च

लिहिलं. कालचंही, परवाचंही, आठवून. एकोणीस तारखेचं कोरंच राहिलं. त्या दिवशी मी कशाकडेच बघितलं नव्हतं.

२५ मार्च

आईचा मेल, स्वतः टाइप केलेला, सगळा एका ओळीत. खोली छान आहे, खिडकीतून एकही झाड दिसत नाही, सहाचं काय?

२८ मार्च

६ – पहिलं फूल. झाडावरचं. कालही होतं, आज परत बघितलं, मगच लिहिलं.

आईला उद्या कळवेन. आजचा एक दिवस ते फक्त माझं आहे.